पडलेलं पिस्तूल उचलायचं नाही!

एक प्रश्न विचारते. पिस्तूल नेमबाजीची मोठी स्पर्धा चालू आहे. तुमची पाळी अजून यायची आहे. तुम्ही बाजूला उभे राहून गप्पा मारताय आणि तेवढ्यात तुमच्या कमरेचं पिस्तूल होल्स्टरमधून निसटून धप्पकन खाली पडतं. पिस्तूल रिकामं आहे हे तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे. काय कराल?

आमच्या विंगमध्ये ज्या ज्या मैत्रिणीला हा प्रश्न विचारला तिने एकच उत्तर दिलं, "उचलणार! त्यात काय विचारायचं?"

उत्तर साफ चूक! तुमची पाळी नसताना रिकामं पिस्तूल पडणं हा तिथे गुन्हाच नाही. पण ते स्वतःच्या हाताने उचललंत, की त्या क्षणी तुम्ही अख्ख्या स्पर्धेतून बाद. तुम्ही फक्त हात बाजूला ठेवायचे आणि रेंज ऑफिसरला हाक मारायची. तो येणार, पिस्तूल उचलणार, रिकामं आहे का तपासणार आणि तुमच्या होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत ठेवून देणार. विषय संपला. ना दंड, ना बोलणी.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, काय हा वेडेपणा! पडण्याला माफी आणि उचलण्याला शिक्षा? मग दोन दिवस डोक्यात तोच किडा वळवळत राहिला. आता माझं ठाम मत झालंय की आपल्या वर्कशॉपला, लॅबना आणि हॉस्टेललासुद्धा या नियमाची फार गरज आहे. ते मत मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं ही नम्र विनंती.)

आधी खेळाची ओळख करून देते. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ पटकावलं आणि एका रात्रीत आपण सगळेच नेमबाजीचे एक्सपर्ट झालो. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड जिंकलं होतं, हेही तेव्हा पुन्हा सगळ्यांना आठवलं. या प्रकारांत नेमबाज आपल्या ठरलेल्या जागेवरून नेम धरतो. पण नेमबाजीचं आणखी एक भावंड आहे, ज्यात माणूस पिस्तूल घेऊन चक्क पळतो. त्याचं नाव प्रॅक्टिकल शूटिंग.

याचं मूळ अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियातलं, १९५० च्या दशकातलं. पुढे मे १९७६ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी एक परिषद भरली आणि तिथे 'इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन' म्हणजे आयपीएससी स्थापन झाली. जेफ कूपर पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य तीन लॅटिन शब्दांचं. त्यांचा या खेळातला अर्थ अचूकता, ताकद आणि वेग.

मैदानावर भिंती, खिडक्या, दारं, पिंपं यांचा सेट उभारतात, नाटकाच्या सेटसारखा. त्याला स्टेज म्हणतात. त्यात पुठ्ठ्याची टार्गेट असतात, गोळी लागली की पडणारी लोखंडी टार्गेट असतात आणि मध्येच मुद्दाम पेरलेली 'नो-शूट' टार्गेट असतात, म्हणजे ज्यांना गोळी लागली तर गुण कापतात ती. छोट्या स्टेजला जास्तीत जास्त १२ गोळ्या, मध्यमला २४, मोठ्याला ३२. कुठून पळायचं, कुठलं टार्गेट आधी घ्यायचं, मॅगझिन कुठे बदलायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आधी पायी फिरून स्टेज बघायला मिळतं. मग टायमरची बीप वाजते आणि सुटायचं!

आता आपल्या आवडीचा भाग, गणित. पुठ्ठ्यावर ए, सी आणि डी असे तीन झोन. ए ला ५ गुण. सी आणि डी ला किती, हे तुमच्या गोळीच्या 'पॉवर फॅक्टर'वर ठरतं. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १०००. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे मोमेंटम! फर्स्ट इयरला आपण ज्याचा रट्टा मारला तेच. १२४ ग्रेनची (साधारण ८ ग्रॅमची) ९ एमएमची गोळी १०५० फुटांच्या वेगाने सुटली तर फॅक्टर १३०.२. १२५ च्या वर असल्यामुळे ती 'मायनर' धरतात. 'मेजर'साठी स्टँडर्ड विभागात १७० लागतात. मेजरला सी चे ४ आणि डी चे २ गुण, मायनरला ३ आणि १. म्हणजे जोरदार झटका सहन करायची तयारी असेल तर थोडी चूक माफ.

आणि हे सगळं तोंडी चालत नाही. मोठ्या स्पर्धेत अधिकारी तुमच्या काडतुसांतून स्वतः नमुने उचलतात, गोळीचं वजन करतात, क्रोनोग्राफवर वेग मोजतात. मेजर सांगून मायनर निघालात तर गुण मायनरचे. मायनरही भरलं नाही तर खेळत राहा, पण गुण शून्य. स्टँडर्ड विभागातलं पिस्तूल मॅगझिनसकट २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलंच पाहिजे. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमधला गो-नो गो गेज आठवला ना? तसंच. मावलं तर ठीक, नाही तर "सर, थोडंसंच बाहेर येतंय" चालत नाही. प्रॉडक्शन विभागात बीप वाजते तेव्हा मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त काडतुसं नकोत. होल्स्टर असं हवं की पिस्तूल आत असताना ट्रिगरला बोट लागूच शकणार नाही. काखेत अडकवायचं सिनेमातलं होल्स्टर तर चालतच नाही.

निकालाचं सूत्र याहून सोपं. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. याला हिट फॅक्टर म्हणतात. समजा मायनरच्या १२ गोळ्या आहेत. एकाने शांतपणे सगळ्या ए मध्ये मारल्या, ६० गुण, १२ सेकंद. हिट फॅक्टर ५. दुसरीने घाई केली, ८ ए आणि ४ सी, ५२ गुण, पण ९ सेकंदांत. हिट फॅक्टर ५.७८. ती पुढे! तिसरा आणखी सुसाट, ८ सेकंद, पण ९ ए, २ सी आणि एक गोळी टार्गेट सोडून गेली. चुकलेल्या गोळीचे उणे १०. उरले ४१, हिट फॅक्टर ५.१३. तीच गोळी नो-शूटला लागली असती तर आणखी उणे १० आणि हिट फॅक्टर ३.८८. म्हणजे वेग देऊन अचूकता घेता येते, अचूकता देऊन वेग घेता येतो. सगळा सौदा आहे.

फक्त एक गोष्ट या सौद्यात नाही. सुरक्षितता! तिला गुण नाहीत. ती सूत्रात कुठेच नाही, वरही नाही आणि खालीही नाही. ती दारावर उभी आहे. पाळलीत तर खेळा, मोडलीत तर बाहेर. सगळ्या ए मारल्या म्हणून सुरक्षिततेत दोन गुण कमी चालतील, हा हिशेबच तिथे मांडता येत नाही.

आता आपल्याकडे बघा. आपल्या टर्मवर्कच्या शीटवर 'शिस्त व सुरक्षितता' असा एक कॉलम असतो, ५ गुणांचा. गॉगल नाही घातला? ३ मिळतील. जॉब चांगला झाला की २ भरून निघतात. आपण सुरक्षितता गुणांत आणली आणि त्याच दिवशी ती विकाऊ झाली. डोळ्याची किंमत २ गुण! हे लिहिताना मला हसू येत नाहीये.

दुसरा फरक भाषेचा. आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सावधगिरी बाळगा'. बाळगा म्हणजे नक्की काय करा? आयपीएससीच्या नियमपुस्तकात असं सुविचारासारखं काही सापडत नाही. तिथे मोजता येणारं लिहिलंय. समोरच्या मातीच्या बांधाकडे सरळ तोंड करून उभं राहिलं तर नळीचं तोंड डावीकडे किंवा उजवीकडे ९० अंशांच्या पलीकडे गेलं, बाद. गोळी तुमच्यापासून ३ मीटरच्या आत जमिनीत घुसली, बाद (अगदी जवळच्या कागदी टार्गेटवर मारताना तेवढी सूट). लोखंडी टार्गेटवर ७ मीटरच्या आतून मारायचं नाही, कारण तुकडे उलटे येतात. टार्गेटवर गोळ्या न झाडता नुसतं पळताना, मॅगझिन बदलताना, अडकलेलं काडतूस काढताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर पाहिजे, आणि ते रेंज ऑफिसरला दिसलं पाहिजे.

सगळ्यांत मला आवडली ती सेफ्टी एरियाची कल्पना. पिस्तूल बॅगेतून काढायचं, पुसायचं, होल्स्टरमध्ये ठेवून बघायचं तर ते एका आखलेल्या जागेतच. पण त्या जागेत काडतुसाला हात लावायचा नाही, अगदी डमी काडतूससुद्धा नाही. काडतुसं भरायची तर दुसरीकडे. म्हणजे जिथे पिस्तूल हाताळाल तिथे काडतूस नाही. याला आपण काय म्हणतो? इंटरलॉक! दार उघडं असताना वॉशिंग मशीन फिरत नाही, तसं. माणसाच्या शहाणपणावर भरवसा न ठेवता व्यवस्थाच अशी लावायची की दोन धोके एकत्र येणारच नाहीत.

बाकी वेळ सगळी पिस्तुलं रिकामी. "लोड अँड मेक रेडी" असं रेंज ऑफिसर म्हणाल्याशिवाय काडतूस आत जात नाही. खेळ संपला की "अनलोड अँड शो क्लिअर" म्हणायचं तो चुकत नाही. मग नेमबाजाने रिकामं पिस्तूल उघडून दाखवायचं, रेंज ऑफिसरने डोळ्यांनी बघायचं, मग ट्रिगर दाबून खात्री आणि मगच पिस्तूल होल्स्टरमध्ये. "रेंज इज क्लिअर" ऐकू आल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. हे दिवसातून कितीही वेळा होवो, दर वेळी पूर्ण. फ्रान्सचा एरिक ग्रॉफेल अनेक वेळा जगज्जेता झालाय, पण त्यालाही "तुमचं काय बघायचं, तुम्ही तर चॅम्पियन" असं म्हणून कुणी सोडत नाही. गॉगल आणि कानावरचे मफ नेमबाजाला लागतात तसे जवळ उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना आणि प्रेक्षकांनाही लागतात. (वर्कशॉपमध्ये गॉगल न घालता आम्हाला गॉगलबद्दल रागावणाऱ्या सर्वांना सादर वंदन!)

आता परत त्या पडलेल्या पिस्तुलाकडे. पडलेली वस्तू झडप घालून उचलणं ही आपली प्रतिक्षिप्त क्रिया. त्या घाईत बोट नेमकं ट्रिगरवर पडतं, नळीचं तोंड कुणाकडे आहे हे बघायला वेळ नसतो. शिवाय पिस्तूल रिकामं आहे, हे कोण म्हणतंय? ज्याचं आहे तोच! आणि तपासायची गोष्ट तर नेमकी तीच आहे. म्हणून दुसऱ्याने तपासायचं.

हा नियम मऊ आहे असं समजू नका. तुमची पाळी चालू असताना पिस्तूल हातातून पडलं, तर भरलेलं असो की रिकामं, सरळ बाद. पण पाळीच्या बाहेर जे घडलं त्याला नियमाने शिक्षा ठेवली नाही, कारण शिक्षा ठेवली असती तर काय झालं असतं? इकडे तिकडे बघून, पटकन उचलून, खिशातल्या रुमालाने पुसून सगळ्यांनी ते परत होल्स्टरमध्ये सरकवलं असतं. झालेली गोष्ट कुणालाच कळली नसती. नियम लिहिणाऱ्याने माणूस ओळखला होता.

आपल्याकडे नेमकं हेच सरकवणं चालतं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका बॅचमध्ये स्टोअरमधून नवं ग्राइंडिंग व्हील आणताना एकाच्या हातातून ते फरशीवर पडलं. दिसायला काही झालं नव्हतं. 'ब्रेकेज'चा दंड भरावा लागेल म्हणून त्याने ते गुपचूप रॅकवर ठेवून दिलं. सगळ्या बॅचने बघितलं आणि सगळी बॅच गप्प बसली. मित्राला दंड कशाला! चार-पाच दिवसांनी व्हील बदलायची वेळ आली तेव्हा वर्कशॉपच्या मामांनी त्यांच्या जुन्या सवयीने ते एका बोटावर अडकवून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टकटक केलं. चांगलं व्हील घंटेसारखं खणखणतं. हे बद्द वाजलं. आत तडा होता. मामांनी ते तिथेच हातोड्याने फोडून टाकलं.

आता पुन्हा गणित. २०० मिलिमीटरचं व्हील २८८० आरपीएमने फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर होतो. तडा गेलेलं व्हील त्या वेगाला फुटलं असतं तर समोर कोण उभं असतं? कोणीही. मी असते, तुम्ही असता, ज्याच्या हातून पडलं तोच असता. आपण सगळे त्या दिवशी मामांच्या एका सवयीवर वाचलो. मामा रजेवर असते तर?

तो मुलगा वाईट नाही. बॅचही वाईट नाही. आपला नियम वाईट आहे. तो पडण्याला दंड करतो, म्हणून आपण सगळे उचलून सरकवायला शिकलो. हॉस्टेलवर वेगळं काय आहे? इमर्शन रॉडने सॉकेट काळं पडलं, तर रेक्टर मॅडमना सांगायचं की त्यावर कॅलेंडर लटकवायचं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. कॅलेंडरं बरीच आहेत!

आता काही जण म्हणतील, बंदुकांचा खेळ आणि त्याचे गोडवे कसले गाता? मला पिस्तूल नकोय. मिळणारही नाही, कारण ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, सर्वसाधारण परवान्यात बसत नाही, आणि तसंच असावं असं माझंही मत आहे. पण खुद्द या खेळाच्या नियमात सैनिकी छापाचे कपडे घालू नयेत असं सुचवलेलं आहे, म्हणजे आपण खेळाडू आहोत, सैनिक नाही, याचं भान त्यांना आहे. आणि नियम शिकायला खरं पिस्तूल लागतंच असंही नाही. जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. तिथली मंडळी प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलांवर सराव करतात, हाताळायचे नियम मात्र तेच. त्यांच्यातला तात्सुया साकाई २००४ मध्ये अमेरिकेत जाऊन 'स्टील चॅलेंज' ही लोखंडी टार्गेटची नावाजलेली स्पर्धा जिंकून आला. शिस्त हातात बसते, हत्यार कुठलंही असो. मग ती लेथवर का नाही बसणार?

दुसरे म्हणतील, दंड काढला तर मुलं बेफिकीर होतील. मी दंड काढा म्हणतच नाही. दंडाची जागा बदला म्हणते. माझ्या मागण्या अशा:

एक, 'शिस्त व सुरक्षितता'चे ५ गुण रद्द करा. गॉगल नाही, बूट नाहीत, तर त्या दिवशी जॉब नाही. दुसऱ्या दिवशी या. हा नियम विद्यार्थ्यांना, सरांना आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही.

दोन, भिंतीवरचे सुविचार उतरवा आणि मोजता येईल असं लिहा. 'चक की चकमध्ये असेल तोवर हात तिच्यावरून काढायचा नाही.' 'ग्राइंडर सुरू करून पहिला एक मिनिट बाजूला उभं राहायचं.'

तीन, आणि सर्वांत महत्त्वाचं. जे पडलं, तुटलं, जळलं ते त्याच दिवशी सांगितलं तर दंड नाही. मशीन चालू असताना केलेला हलगर्जीपणा वेगळा, त्याला माफी मी मागत नाही. पण लपवलेलं सापडलं तर आजच्या दुप्पट दंड करा, आमची तक्रार नाही.

वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सर आणि रेक्टर मॅडम हे मासिक वाचतात असं संपादकांनी सांगितलंय. या तीन मागण्यांचा अर्ज मी लिहून ठेवलाय. लेडीज हॉस्टेलच्या मेसमधल्या नोटीस बोर्डाखाली आणि मुलांच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये सह्यांसाठी एकेक प्रत ठेवली आहे. पटलं तर सही करा. नाही पटलं तर पुढच्या अंकात मला झोडपा. पण आज रात्री आधी तेवढं ते कॅलेंडर बाजूला करून सॉकेट बघा आणि मॅडमना सांगा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी